क्लच सुटत नसेल तर आधी गिअरबॉक्स उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाड्या गणपतीच्या सुमारास बाहेर निघतात आणि कोकणातल्या गॅरेजांत एकच तक्रार येऊ लागते. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही. 'प्लेट गेली, सेट बदला' असे सांगितले जाते आणि मालक मान डोलावतो. खरे तर प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी चकती, झिजली की क्लच घसरतो. इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर कर्रकन वाजणे किंवा गाडी पुढे सरकणे हे नेमके उलटे दुखणे आहे. इथे क्लच सुटतच नसतो, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही, आणि त्याचे कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेर सापडते.

खात्री अशी करावी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. ते सहज पडले, तर सपाट जागी इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका. तरीही वाजला तर क्लच सुटत नाही.

आता पेडलखाली वाका. जाड गादीसारखे मॅट दुमडून पेडलखाली आले असेल तर पेडल पूर्ण जातच नाही. तो उपाय फुकटचा आहे. मारुती ८००, आल्टोसारख्या केबलच्या गाड्यांत पेडल हाताने दाबा. जोर लागण्याआधी साधारण १५ ते २५ मिलिमीटर मोकळे जावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. जास्त जात असेल तर गिअरबॉक्सकडच्या टोकाचा नट आवळावा. फार आवळला तर मात्र क्लच घसरू लागतो. केबलच्या तारा तुटल्या असतील तर केबलच बदलावी.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये फसगत अधिक होते. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल कमी आहे. स्लेव्ह सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या नळकांड्याचे) रबर उलटून पाहा, आत ओल दिसली तर सील गेले. बाहेर कुठेच थेंब नाही, पण पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरल्यावर अर्ध्या मिनिटात गाडी सरकू लागते, तेव्हा मास्टर सिलिंडरचे (पेडलला जोडलेल्या, दाब तयार करणाऱ्या नळकांड्याचे) आतले सील दाब सोडत असते. यात फक्त पुस्तिकेत सांगितलेले ब्रेक ऑइल घालावे. इंजिन ऑइलने सगळी रबरे फुगतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, म्हणून पातळी उतरली तर ब्रेकही तपासा.

हे सगळे ठीक असून गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर दमट हवेने फ्लायव्हील (इंजिनचे जड चाक) गंजून प्लेट त्याला चिकटलेली असू शकते. इंजिन १०-१५ मिनिटे गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात, पुढे कोणी नाही हे पाहून, पहिला गिअर टाका, क्लच दाबून स्टार्टर मारा. गाडी लगेच उसळेल, तयार राहा. मग क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर द्या, सोडा. झटक्याने प्लेट सुटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग कदापि करू नये. पाच-सहा प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा. क्लच हाउसिंगमध्ये गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. प्लेटला तेल लागले की ती घसरणारच.

एवढ्यावर भागले नाही तरच गिअरबॉक्स उतरवावा. मग क्लच ढकलणारा फोर्क वाकला आहे का, प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटे तुटली आहेत का, स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या दांड्याच्या खाचांवर) गंज आहे का, हे मालकाने स्वतः पाहावे. नवा सेट घातल्याबरोबर हाच त्रास सुरू झाला, तर प्लेट उलटी बसली आहे का ते आधी तपासायला लावा. फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, हे बहुतेक प्लेटांवर छापलेले असते.

आपला,
एक मोटर मेकॅनिक, चिपळूण