आप्पांच्या हातात पेन देणाऱ्या सरांना

सर, नमस्कार. नाव कुठं टाकू नका म्हणालात म्हणून तुमचंही टाकत नाही आणि संग्रहालयाचंही नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही बघा.

आमचे आप्पा दक्षिण सोलापूर तालुक्यात सीनेच्या काठाला शेती करतात. मोटरचा पाइप ओढताना नदीच्या दरडीत त्यांना तो दगडासारखा तुकडा दिसला, एका हाताने उचलत नाही इतका जड. घरी आणून धुतला आणि म्हणाले, "पाट्याला टाकी लावल्यागत रेघा हायत, ह्यो साधा धोंडा न्हाई." ज्वारी खुरपत आयुष्य गेलेल्या माणसाने हे नुसत्या नजरेने ओळखलं आणि शिकलेल्या लोकांनी काय केलं? एकाने व्हॉट्सॲपवर फोटो बघून दोन मिनिटात "दगड आहे" लिहून विषय संपवला. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथून परत पहिल्याच ऑफिसात. मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात तर आप्पांचं धोतर आणि हातातली खताची पिशवी बघून काउंटरवरच्या साहेबांनी पिशवी उघडूच दिली नाही, बाहेर थांबा म्हणाले. त्या दिवशी एसटीत आप्पा एक शब्द बोलले नाहीत. मला तो राग अजून आहे आणि मी तो लपवणार नाही.

मग तुम्ही भेटलात. तुम्ही तुकडा हातात घ्यायच्या आधी आप्पांना खुर्ची दिलीत. नंतर त्या रेघांवरून बोट फिरवत सांगितलंत की ही हत्तीची दाढ आहे, दगड झालेली, आणि या रेघा म्हणजे चावून चावून झिजलेल्या दाढेतलं वर आलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, पुढची झिजली की मागून नवी सरकत येते, हे ऐकून आप्पा आपल्या गालाला हात लावून हसले! आपल्याकडचा काळा खडक साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात हाडं क्वचितच सापडतात, पण त्यावर नद्यांनी पुढं फार उशिरा टाकलेल्या वाळू-गोट्यात सापडतात, मांजरेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात असे जुने हत्ती निघालेत, हेही तुम्हीच सांगितलं. वय विचारलं तर उगाच आकडा फेकला नाहीत, तपासल्याशिवाय बोलणार नाही म्हणालात. मला तेही फार आवडलं.

पण सर, मला खरं लिहायचंय ते पेनबद्दल. नेमकी कुठल्या थरात सापडली हे कळलं नाही तर दाढेची अर्धी किंमत जाते असं तुम्ही म्हणालात आणि मी मोबाईलवर मॅप उघडायला लागलो. तुम्ही मला थांबवलंत, आपलं रजिस्टर आप्पांकडे फिरवलंत, खिशातलं पेन त्यांच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आप्पा, जागा तुम्ही पाहिलीय, तुम्हीच काढा." आप्पा चौथी शिकलेत, सही सोडून त्यांच्या हातात कुणी कधी पेन दिलेलं मी बघितलं नाही. त्यांनी नदीचं वळण काढलं, बाभळ काढली, वर काळी माती, खाली चुनखड, त्याच्याखाली गोटे, आणि गोट्यात एक फुली मारली. तुम्ही त्या फुलीवरून आणखी चार प्रश्न विचारलेत आणि आप्पा सांगतील तसं खाली लिहून घेतलंत. एक शब्द बदलला नाहीत.

मला वाटतं संग्रहालयं खरी अशाच माणसांवर उभी आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं सरकारी संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरेंनी गावात मिळेल ती वस्तू जपली म्हणून झालं, मणी, मातीच्या मूर्ती, सातवाहनांच्या वेळच्या किती गोष्टी. आपल्या जिल्ह्यातले शिलालेख आनंद कुंभारांनी गावोगाव फिरून नोंदवले. आमच्या तालुक्यातच हत्तरसंग कुडलला सीना-भीमेच्या संगमावर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख आहे आणि आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना ते माहीत नाही. या लोकांनी खेड्यातल्या माणसाचं ऐकून घेतलं असणार, त्याशिवाय एवढं गोळा होतंय का? ऐकून घ्यायला पैसे लागत नाहीत, ग्रँट लागत नाही, तरी ते इतकं दुर्मिळ का झालंय हे मला कळत नाही.

दाढ तुमच्याकडे दिल्याचं आप्पांना अजिबात वाईट वाटत नाही. भावकीतले म्हणाले देव्हाऱ्यात ठेवायची होती, तर आप्पा म्हणाले तिथं दहा जण बघतील, तिकडं पोरं शाळेच्या शाळा येऊन बघतील.

तेवढं एक राहिलं. तुम्ही जागा बघायला येतो म्हणाला होतात, तर हुरड्याच्या दिवसात या, घरच्यांनाही आणा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आईच्या हातची. ती दरड अजून तशीच आहे. वाळूवाले ट्रॅक्टर घेऊन आले होते, आप्पांनी सरळ आडवं उभं राहून परत पाठवले. पावसाळ्याच्या आत आलात तर बरं, पुराच्या पाण्यात काठ सुटतो.