लिफ्ट किती टनाची ते नंतर, आधी स्लॅब मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाड्यांच्या पुरवणीत मायलेज, सनरूफ, सहा एअरबॅगा सगळं येतं पण सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडीखाली शिरणारा जो वर्ग आहे त्याच्यासाठी एक ओळ नसते, म्हणून हे पत्र. बंगल्याच्या पार्किंगमधे नाहीतर मागच्या पत्र्याच्या शेडात गाडी उचलायची छोटी लिफ्ट बसवायचं खूळ आता आमच्या सांगली-मिरजेकडं पण आलंय. अमेरिकेतले लोक घरच्या गॅरेजात गाडी डोक्याच्या वर उचलतात आणि खाली आरामात उभं राहून काम करतात ते यूट्यूबवर बघायचं आणि लगेच चौकशी सुरू. घ्या की, माझी काही ना नाही. फक्त विकणारा पहिला प्रश्न विचारतो "किती टनाची देऊ?" आणि घेणारा पण त्यातच अडकतो.

टनाचं टेन्शन घेऊच नका. स्विफ्ट, वॅगन आर रिकामी असताना टनाच्या आत बसते, इनोव्हा क्रिस्टा दोन टनाच्या आत, आणि बाजारातली साधी दोन खांबी लिफ्ट चार टनाची असते, विषय संपला. विचारायचं ते उंचीचं आणि जमिनीचं.

आपल्या घरांचा स्लॅब साधारण दहा फुटावर, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. वॅगन आरची उंची १६७५. वजाबाकी करा, उरले जेमतेम साडेचार फूट, आणि त्यात बीम खाली उतरलेला असतो, ट्यूबलाइट असते, कुणाकडं तर पंखा पण. म्हणजे सहा फूट उचलणारी लिफ्ट आणली तरी गाडीचं छत स्लॅबला लागायच्या आत थांबायचं आणि खाली वाकूनच काम करायचं, मग ते वरचे दीड-दोन फूट कशाला विकत घ्यायचे? त्यातून वरून आडवा बीम असलेली दोन खांबी लिफ्ट असेल तर खांबच साडेअकरा-बारा फुटाचे, ती आत उभीच राहणार नाही. खालून पट्टी जाणारी बुटकी येते, ती मावते, पण गाडी वर जायला जागा तेवढीच. काहीजण चार खांबी घेऊन एकावर एक दोन गाड्या लावायचं स्वप्न बघतात, त्यांनी दोन स्विफ्टची उंची बेरीज करावी. दीड मीटरच्या वर एक, दुसरी पण तेवढीच, आणि मधल्या प्लॅटफॉर्मची जाडी वेगळी. दहा फुटात ते होत नाही. पत्र्याचं शेड चौदा फुटी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं खुशाल दोन खांबी लावा.

आता जमीन. दोन खांबी लिफ्टमधे गाडी हातांवर लटकलेली असते, त्यामुळं खांब सतत आत झुकायला बघतात आणि खांब जमिनीला धरून ठेवणारे बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट वर ओढले जातात. सगळा भरवसा त्या बोल्टांवर आणि ते ज्यात रुतलेत त्या काँक्रीटवर. चार-साडेचार टनी लिफ्टच्या बऱ्याच मॅन्युअलमधे किमान चार इंच जाड आणि ३००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं, आपल्याकडं एम-२५ ग्रेडचं धरा. आणि आपल्या पोर्चमधे काय असतं? वर शहाबादी नाहीतर पार्किंग टाइल, खाली वाळू-सिमेंटचा माल, त्याखाली कसंबसं तीन इंच पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट आणि मग सोलिंग-मुरूम. खात्री करायची असेल तर कोपऱ्यातली एक फरशी निवडून हॅमर ड्रिलनं बारीक भोक पाडून बघा. आधी फरशीची भुकटी येते, मग करडी सिमेंटची, आणि तीन इंचावर बिट एकदम सैल पडून लाल मुरूम वर यायला लागला की समजायचं इथं अँकर धरणार नाही. भोक पाडायच्या आधी एवढं मात्र आठवा की पोर्चखाली पाण्याची टाकी आहे का सेप्टिक टँक, कारण जागा वाचवायला आपण ते दोन्ही तिथंच घालतो! टाकीच्या स्लॅबवर खांब उभा करायचा विचार पण करू नका. बाकी ठिकाणी फरशी कापून प्रत्येक खांबाखाली कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे जाळी टाकून नवीन फुटिंग करता येतं, पण ते २८ दिवस मुरू द्यायचं आणि मग अँकर, फिटर कितीही घाई करू दे.

हे सगळं बघता दहा फुटी स्लॅबच्या घरात माझं मत मिड-राइज सिझर लिफ्टला, म्हणजे कात्रीसारखी उघडून गाडी अर्ध्या उंचीपर्यंत नेणारी. तीन-साडेतीन फूट उचलते, बऱ्याच मॉडेलना अँकर पण लागत नाहीत फक्त फरशी सपाट आणि दणकट पाहिजे, काम झालं की भिंतीकडं सरकवून ठेवता येते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, ऑइल बदलणं सगळं बुटक्या स्टुलावर बसून होतं. तोटा एकच, गाडीच्या पोटाखाली मधोमध लिफ्टच असते त्यामुळं गिअरबॉक्स उतरवायला किंवा सायलेन्सरचं काम करायला अडचण. पण घरी गिअरबॉक्स किती जण उतरवतात?

खड्डा काढू का असं विचारणारे पण भेटतात. एसटीच्या डेपोत पिटवरच काम चालतं, पण तिथं उजेड, निचरा, हवा सगळ्याची सोय असते. घरच्या बंद गॅरेजातल्या खड्ड्यात पेट्रोलची वाफ आणि एलपीजी किटवाल्या गाडीचा गळका गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असल्यामुळं तळाला साचतात आणि आपण तिथंच हँडलॅम्प घेऊन उतरतो. शिवाय कृष्णाकाठच्या माणसाला पावसाळ्यात त्या खड्ड्याचं काय होतं ते सांगायला नको.

विजेचं पण बघा. चार टनी लिफ्टची मोटर सहसा २.२ किलोवॅटची म्हणजे तीन एचपीची असते, थ्री फेज आहे का सिंगल ते ऑर्डर देतानाच ठरवायचं, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग. तेलावर चालणारी लिफ्ट कुठलीही असो, गाडी वर नेऊन परत थोडी खाली घेऊन मेकॅनिकल लॉकवर म्हणजे लोखंडी खटक्यावर बसवायची, नुसत्या तेलाच्या प्रेशरवर ठेवून खाली शिरायचं नाही. आता गंमत अशी की लॉकवरनं सोडवायला गाडी आधी इंचभर वर उचलावी लागते, आणि तेवढ्यात लाइट गेली तर गाडी वरच. घरचा इन्व्हर्टर ती मोटर ओढत नाही. म्हणून हँड पंपाची सोय आहे का हे विचारून घ्या, आमच्याकडं तर लाइट सांगून जात नाही.

सेकंडहँड लिफ्ट स्वस्तात मिळते, बंद पडलेल्या सर्व्हिस सेंटरची वगैरे. स्क्रूवाली, म्हणजे तेलाऐवजी मोटरनं फिरणाऱ्या स्क्रूवर चढणारी असेल तर भार घेणारा नट आणि त्याखालचा सेफ्टी नट यांच्यातली फट कंपनीनं सांगितलेल्या मापाशी ताडून बघा, कमी झाली असेल तर वरचा नट झिजलाय. केबलवाली असेल तर कापड फिरवा, तुटलेली तार कापडात अडकते. जुने अँकर परत वापरायचे नाहीत. सीईचा स्टिकर बघून भुलू नका, गाडीच्या लिफ्टसाठीचं युरोपचं ईएन १४९३ मानक पाळल्याचा कागद मागा, बऱ्याचदा विक्रेता तिथंच गप्प होतो.

आपल्या पुरवणीत लिफ्टच्या जाहिराती आल्या तर टनाच्या शेजारी लागणारी स्लॅबची उंची आणि काँक्रीटची जाडी छापायची अट घालता येईल का ते बघावं, दोन ओळीचं काम आहे.

कळावे,
आपला एक वाचक, मिरज