सिग्नलवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितेय. समोर येऊन आभार मानले तर "अगं, त्यात काय!" म्हणून तुम्ही पेपर तोंडासमोर धराल.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा शिकवणीचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेईना. म्हणून विंडोजच्या शेजारीच लिनक्स मिंट ही दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. इन्स्टॉलेशन सुरळीत झालं, रीस्टार्ट केलं, तर सरळ विंडोज उघडलं. मिंटचा मागमूस नाही! दुकानात नेलं तर म्हणे, "लिनक्स-बिनक्स सोडा मॅडम, सगळं फॉरमॅट मारून देतो." आत वर्षभराच्या प्रश्नपत्रिका होत्या. तशीच लालबागला परत आले आणि तुमचं दार वाजवलं.

तुम्ही लॅपटॉपला हातही लावला नाहीत. विचारलंत एवढंच, "गाडी कुठपर्यंत येते?" भायखळ्यालाच अडकली असेल तर दादरचा सिग्नल खोलून काय मिळणार? उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात केलेला माणूस असंच विचारणार! मग मलाच सांगायला लावलंत: आधी यूईएफआय (मशीन सुरू होताच चालणारा मुळातला प्रोग्राम) स्वतःची बूटची यादी बघतं, तिथून ग्रब (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा मेनू), ग्रबकडून कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्यानंतर बाकी सगळं. आमची गाडी ग्रबपर्यंतही पोहोचत नव्हती. म्हणजे मिंट बिघडलंय असं समजायला काही कारणच नव्हतं.

पण पुढे जाण्याआधी तुम्ही बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाचं विचारलंत. ते चालू होतं. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून ती ४८ आकडी की वहीत उतरवून होईपर्यंत तुम्ही मला बायॉसमध्ये (त्या यूईएफआयच्या सेटिंगमध्ये) पाऊल टाकू दिलं नाहीत. तेव्हा कंटाळा आला होता, खरं सांगते. पण काम संपल्यावर विंडोजने पहिल्यांदा तीच की मागितली.

मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून टर्मिनलमध्ये इएफआयबूटएमजीआर, म्हणजे ती बूटची यादी दाखवणारी कमांड. यादी आली, पण तिच्यात मिंट हे नावच नव्हतं. तुम्ही 'उबंटू'वर बोट ठेवलंत. मिंट उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि तिथे त्याच नावाने नोंद होते, हे नवख्या माणसाला कुठून कळणार? ती नोंद विंडोजच्या वर नेली आणि ग्रबचा मेनू आला.

मी टाळ्या वाजवल्या, तुम्ही नाही. बरोबरच होतं, कारण मिंट निवडलं आणि स्क्रीन काळाठिक्कर. "आता गाडी पुढे आलीय," तुम्ही म्हणालात, अगदी खुशीत! पंख्याचा आवाज येत होता, कॅप्सलॉकचा दिवा लागत होता, म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त चित्र येत नव्हतं. संशय एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर. ग्रबमध्ये 'ई' दाबून, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (ग्राफिक्सचा मोड सुरुवातीलाच बदलू नको, असा आदेश) लिहून एफ१० दाबलं आणि डेस्कटॉप दिसला. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून लगेच ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून घेतलात. 'दहा मिनिटांत लिनक्स टाका' म्हणणारे या काळ्या स्क्रीनबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं होतं, तेही तुमच्या एका ओळीच्या कमांडने जागेवर आलं. (लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं.) विंडोजला पूर्ण बंद न होऊ देणारं फास्ट स्टार्टअपही बंद करायला लावलंत.

या सगळ्यात कीबोर्ड एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत, यासाठी खास आभार. माझं टायपिंग बघताना तुमची बोटं गुडघ्यावर किती वळवळत होती, ते दिसत होतं मला!

शिकवणीतल्या एका मुलीच्या घरचा जुना लॅपटॉप आता आलाय. रविवारी त्यावर मिंट टाकणार आहे, बिटलॉकर आधी तपासून. तुम्ही नुसते शेजारी बसा, चहा-बटाटेवडे माझ्याकडे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली