मागे बसणाऱ्यालाही डोकं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, या सक्तीवर आपल्या वाचकपत्रांत बराच राग दिसतो. 'गाडी मी चालवतो, बायकोला हेल्मेट कशाला?' असा एकूण सूर. न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेली परिचारिका म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल असतं. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या हातात भाजीची पिशवी आणि मांडीवर पोर. पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली की ती सरळ पाठीवर पडते आणि डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटते. पुष्कळदा उठतेही, पदर झटकते. कुणी पाणी देतं, कुणी चहा. रक्त नाही, शुद्ध गेलेली नाही, म्हणजे मुका मार. रात्री उलटी झाली तर पित्त!

घात होतो तो इथे. मागची कवटी तडकली की तिच्या आतून जाणारी मोठी नीला फाटू शकते. नीलेतलं रक्त उसळत नाही, झिरपत राहतं. त्यामुळे काही तास, कधी त्याहूनही जास्त, माणूस छान बोलतो-चालतो. पण कवटीच्या त्या कप्प्यात जागा फार कमी. लहान मेंदू, श्वास चालू ठेवणारा मेंदूचा देठ आणि मेंदूतलं पाणी वाहायची अरुंद वाट, सगळं तिथेच दाटीवाटीनं बसलेलं. वाट दाबली गेली की पाणी तुंबतं. देठावर दाब आला की श्वास बंद पडू शकतो, तोही अचानक. हातपाय लुळे पडण्याची वाट बघत बसलात, तर ते पडतीलच असं नाही. डोकं मागून ठणकणं, मान आखडणं, पुन्हा पुन्हा उलट्या, चालताना झोकांड्या, वाढती गुंगी, यातलं काहीही दिसलं की सकाळ होण्याची वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

असा रक्तस्राव क्वचितच होतो, मान्य. पण वेळेत सापडला तर शस्त्रक्रियेनं रक्ताची गाठ काढता येते आणि माणूस पुन्हा उभा राहू शकतो. म्हणूनच 'बोलतायत की चांगल्या, सोडा घरी' म्हणत स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पेशंट नेणाऱ्या नातेवाइकांचा मला फार राग यायचा. पहिल्या सीटीत थोडंसंच दिसलं तरी डॉक्टर दुसरा सीटी सांगतात, तो गाठ वाढतेय का हे बघायला. (बिलं फुगतात, तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागचा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, तेही पट्टा बांधलेलं. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. तरी रस्त्याकडेला अर्ध्या टोप्या राजरोस विकल्या जातात आणि त्यांत डोक्याची मागची बाजू उघडीच राहते. कुणी तर बांधकामावरची पिवळी टोपी घालून चौक पार करतो. चौकात फोटो काढून दंड लावणाऱ्यांनी आधी ही विक्री बंद करावी, आणि पालिकेनं गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारावेत. मागच्या सीटच्या दंडाबद्दल माझी काही तक्रार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज