हर्णै बंदरावरच्या त्या दोघांचे आभार

आमचे अण्णा जहाजावर होते. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता, तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून युरोप गाठलेला माणूस. नोकरी सुटल्यावर दापोलीजवळ गुरं पाळली, तीही कोकण कपिला या इथल्या देशी जातीची. दूध बेताचं, पण डोंगर चढायला चिवट. हौस, दुसरं काय!

अस्थी समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यापाशी सोडा, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ठरवलेला होडीवाला आलाच नाही, फोनही बंद. आई वाळूतच बसली. मासळी उतरवणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने काय झालं ते विचारलं. टोपल्या खाली काढल्या, फळ्या धुतल्या, गोणपाट अंथरलं, आईला वर बसवलं आणि बैल पाण्यात घालून गाडी थेट होडीला लावली. होडीवरच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मासळीचा लिलाव सोडून आम्हाला नेलं. किल्ल्याआड इंजिन बंद केलं, वारा पाठीवर घेतला. "आता राख अंगावर यायची नाही," म्हणाला. आईचे हात थरथरत होते, तर कलशाला खालून स्वतःचा तळवा लावला.

पैसे दोघांनीही घेतले नाहीत.

तांडेल, गाडीवाले दादा, आई बरी आहे. तुमची आठवण रोज काढते. मनापासून आभार.