पुरवणी मागण्यांसोबत शिलकीचा हिशेबही मांडा : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

२०२४-२५ चा अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जून २०२४ रोजी विधिमंडळात मांडला गेला. एकूण खर्च ६ लाख १२ हजार २९३ कोटी रुपये. त्याच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मंजूर अर्थसंकल्पावर वर्षाच्या मधेच मागितलेला जादा निधी, आल्या. डिसेंबरात नागपूरला ३५ हजार ७८८ कोटींच्या आणि मार्चमध्ये ६ हजार ४८६ कोटींच्या. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या वर जाते. ही ढोबळ रक्कम आहे, समायोजने वगळल्यावर निव्वळ भार कमी भरतो, हे मान्य. तरी मूळ अर्थसंकल्पाच्या एक-पंचमांशाहून मोठा आकडा सभागृहाने पुरवणीच्या वाटेने मंजूर केला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये पुरवणी मागणीला दोनच कारणे दिली आहेत. एक, मंजूर रक्कम त्या वर्षासाठी अपुरी पडणे. दोन, वार्षिक वित्तीय विवरणपत्रात विचारात न घेतलेल्या नव्या सेवेची गरज त्याच वर्षात निर्माण होणे. लाडकी बहीण योजना जूनच्या अर्थसंकल्पी भाषणातच जाहीर झाली होती. तिच्यासाठीचा मोठा निधी मात्र काही दिवसांनी पुरवणीतून आला. योजनेच्या गुणदोषांवर इथे बोलायचे नाही. भाषणाच्या दिवशी खर्चाचा अंदाज ठाऊक असेल, तर तो मूळ पुस्तकातच का नसावा, एवढेच विचारायचे आहे.

आमचा मुख्य मुद्दा पुढचा आहे. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत मागणी क्रमांक असतो, लेखाशीर्ष (खर्च ज्या सदराखाली नोंदला जातो ते) असते, रक्कम असते आणि दोन-चार ओळींचा खुलासा असतो. त्या लेखाशीर्षाखाली आजवर किती निधी वितरित झाला, किती खर्ची पडला आणि ३१ मार्चला किती उरेल, हे त्या ओळींत सहसा नसते. मग आमदाराने ‘रक्कम अपुरी पडली’ हे ठरवायचे कशावरून? पुस्तिका हातात पडल्यापासून मतदानापर्यंत मोजके दिवस असतात. त्यात कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) द्यायची तर ती आकड्यांवर टिकत नाही, मतदारसंघातल्या रस्त्यावर येऊन थांबते.

परिणाम महालेखापालांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतो. पुरवणी घेतलेली असते आणि वर्षअखेरचा खर्च मूळ तरतुदीपर्यंतही पोहोचलेला नसतो. हे का होते, हे आपल्या विभागाला पुरते ठाऊक आहे. पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेले आठमाही सुधारित अंदाज पाठवताना विभागाच्या खर्चावर देखरेख ठेवणारे नियंत्रक अधिकारी कात्री लागणार हे गृहीत धरूनच आकडा फुगवतात. दुसरीकडे वित्त विभाग तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच निधी वितरित करू देतो. विभागाकडे तरतूद असते, निधी नसतो. अशा वेळी पुरवणी मागून कागदावरची तरतूद वाढते, तिजोरीतली रोकड नाही. शिल्लक राहिलेली रक्कम जमेल तितक्या लवकर प्रत्यार्पित, म्हणजे वित्त विभागाला परत, करायची असते. प्रत्यक्षात ती मार्चअखेर परत येते, तेव्हा ती दुसऱ्या गरजेकडे वळवायला दिवसच उरत नाहीत.

बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्प व निधी वितरणाच्या संगणक प्रणालीत तरतूद, वितरण आणि खर्च हे तीनही आकडे लेखाशीर्षनिहाय असतात. त्यामुळे माहिती गोळा करायला वेळ लागतो, ही सबब चालणार नाही. प्रत्येक पुरवणी मागणीसमोर हे तीन आकडे एका ठरलेल्या तारखेचे छापावेत, चौथ्या रकान्यात अपेक्षित प्रत्यार्पण द्यावे. पुनर्विनियोजनाने (एका शीर्षाची बचत दुसऱ्याकडे वळवून) भागत असेल तर तसे लिहावे. हजार रुपयांच्या लाक्षणिक (नाममात्र) मागणीलाही हे लागू हवे, कारण तिच्या आडून कोणत्या शीर्षाची बचत कुठे वळते, हेच तर सभागृहाला बघायचे असते.

एक सावधगिरी मात्र हवी. कोषागारातून पैसा निघाला की तो खर्च म्हणून नोंदला जातो. तोच पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनामे कोषागारात ठेवलेल्या खात्यात) किंवा एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात जाऊन पडला, तरी रकान्यात तो खर्चच दिसतो. म्हणून अशा खात्यांतली शिल्लक आणि त्या योजनेची प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) यांची एक ओळ खाली असायला हवी. ती नसेल तर वरचे तीन आकडेही फसवे ठरतील.

भांडवली कामांचे दुखणे याहून जुने. ५०५४ हे रस्ते व पुलांचे प्रधान शीर्ष घ्या. समजा, २० कोटींची प्रशासकीय मान्यता (कामाला आणि त्याच्या एकूण खर्चाला सरकारची मंजुरी) असलेला पूल पुरवणीत ५० लाखांची तरतूद घेऊन आला. सभागृहाने मत दिले ५० लाखांवर; कार्यारंभ आदेश निघाला की राज्यावर बांधिलकी येते २० कोटींची. उरलेले साडेएकोणीस कोटी त्या पुस्तिकेत कुठेच नसतात. अशी शेकडो कामे साचली की कंत्राटदारांची देयके अडतात, काम अर्ध्यावर राहते आणि भाववाढीमुळे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. पुढच्या पुरवणीत तोच पूल पुन्हा येतो, या वेळी अधिक महाग होऊन. भांडवली मागणीसमोर मान्यतेची रक्कम, आजवरचा खर्च आणि उर्वरित दायित्व हे तीन रकाने बंधनकारक करा. दायित्व वार्षिक तरतुदीच्या किती पट झाले की नवे काम घ्यायचे नाही, ती मर्यादाही विभागवार जाहीर करा आणि अपवाद केलात तर कारण लिहा.

सरकारी खर्चाची तपासणी करणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती हे सगळे पाहतेच, असे उत्तर येईल. पाहते, पण विनियोजन लेखे (मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा वार्षिक हिशेब) तयार होऊन, अहवाल पटलावर येऊन, विभागांची स्पष्टीकरणात्मक ज्ञापने (लेखी खुलासे) पोहोचेपर्यंत सचिव बदललेले असतात आणि पैसा केव्हाच गेलेला असतो. अनुदानापेक्षा जादा झालेला खर्च नियमित करून घेण्याची प्रकरणेही याच रांगेत अडकतात. समितीचे काम झालेल्या खर्चाची झडती घेणे आहे. मतदानापूर्वीची माहिती देणे हे आपल्या विभागाचे काम.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. वित्त विभागाचे एक परिपत्रक आणि पुस्तिकेचा नवा नमुना एवढ्यावर काम भागते. येत्या अधिवेशनात सर्व विभागांना जमणार नसेल, तर सार्वजनिक बांधकाम आणि नगरविकास या दोनच विभागांपासून सुरुवात करा, आणि पुस्तिका मतदानाच्या किमान सात दिवस आधी सदस्यांच्या हाती द्या.

आपले,
राज्याच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास करणारे काही नागरिक