क्रूझवरच्या जेवणाबद्दल आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर क्रूझचं बोलणं निघालं आणि तुमचे सगळे प्रश्न जेवणाभोवतीच फिरले. बाबांना साखरेची आणि इन्सुलिनच्या वेळांची चिंता, तर आईला गर्दीत ताट हातात घेऊन उभं राहण्याची. दोन्ही काळज्या रास्त आहेत. पण मी अशा जहाजावर जाऊन आलेय. तिथली जेवणाची रीत एकदा कळली की या प्रवासातला हाच भाग तुम्हाला सगळ्यात सोपा जाईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मी काय ठरवलंय ते सांगते. रात्रीच्या जेवणासाठी आपण पहिली पाळी घेतली आहे, आणि रोज तेच टेबल. मोठ्या जहाजावर एक मुख्य डायनिंग रूम असते, कधीकधी तर दोन-तीन मजली. तिथे रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत होतं. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वाढणारी माणसंही तीच. ही जुनी पद्धत. दुसऱ्या पद्धतीत वेळेचं बंधन नसतं. जाल तेव्हा जे टेबल रिकामं असेल तिथे बसायचं. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ही मोकळी पद्धत आणली आणि आता बऱ्याच कंपन्या दोन्ही पर्याय देतात. डिस्नेच्या जहाजांवर तिसरीच रीत आहे. तिथे कुटुंब रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवतं आणि त्यांचे वेटर त्यांच्याबरोबर फिरतात. १९९८ मध्ये त्यांचं पहिलं जहाज निघालं तेव्हापासून हे असंच चालू आहे.

दादाला मोकळी पद्धत हवी होती. मी मात्र अडून बसले. एक तर बाबांचं इन्सुलिन. जेवण रोज एकाच वेळी समोर येणार हे माहीत असलं की डॉक्टरांना विचारून वेळा आधीच बसवून ठेवता येतात. दुसऱ्या पाळीचं जेवण संपेस्तोवर रात्रीचे दहा वाजतात, आणि इतक्या उशिरा जेवून लगेच आडवं होणं तुम्हा दोघांनाही मानवत नाही. पण याहून मोठं कारण म्हणजे रोज तीच माणसं वाढायला असणं. पहिल्या रात्री आपण काय सांगतो ते त्यांच्या लक्षात राहतं. दुसऱ्या रात्रीपासून बाबांच्या पुढ्यात ब्रेडची टोपली आपणहून येत नाही, आईला बर्फाशिवाय पाणी मिळतं. मोकळ्या पद्धतीत रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागलं असतं.

आई, तिथे ताट घेऊन कुठेही उभं राहायचं नाही. खुर्चीत बसलं की मेन्यू हातात येतो. आधी सूप किंवा सॅलडसारखं काहीतरी, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, असे तीन टप्पे. या सगळ्याला साधारण दीड तास लागतो. मेन्यू रोज बदलतो, पण त्यातच एका बाजूला रोज मिळणारे साधे पदार्थ लिहिलेले असतात. ज्या दिवशी बाकी काही रुचणार नाही, त्या दिवशी तिथून निवडायचं. शाकाहारी पदार्थ रोज असतात. मुख्य पदार्थ नकोसा वाटला तर दोन सूपं मागितलेली चालतात, अर्धीच प्लेट मागितलेली चालते, आणि आणलेलं आवडलं नाही तर दुसरं आणून देतात. याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. तुला कुणाकडे काही मागायचं म्हणजे जिवावर येतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण इथे मागितलं नाहीस तर त्यांना कळणारच नाही, आणि तू अर्धपोटी उठलीस तर त्यांनाही वाईट वाटेल. तेव्हा निःसंकोच सांग.

मुलांचा मेन्यू वेगळा असतो आणि त्यांचं जेवण लवकर आणा म्हटलं की आणतात. काही जहाजांवर तर मुलांचं जेवण उरकलं की किड्स क्लबची माणसं डायनिंग रूममध्ये येऊन त्यांना खेळायला घेऊन जातात आणि मोठ्यांना शांतपणे जेवता येतं. आपल्या जहाजावर तशी सोय आहे का, ते मी विचारलंय.

आता बाबांच्या पथ्याचं. हे जहाजावर चढल्यावर सांगून भागत नाही, निघण्याच्या काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवावं लागतं. मधुमेह, कमी मीठ, ग्लुटेन नको, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, चावायला किंवा गिळायला त्रास असेल तर वाटून मऊ केलेलं जेवण, या सगळ्याची सोय मोठ्या कंपन्या करतात, पण त्यांना वेळ हवा असतो. प्रवास सुरू होण्याच्या दिवशीच बहुतेक शिधा जहाजावर चढतो आणि मधल्या बंदरात हवी ती वस्तू मिळेलच असं नाही. म्हणून ते आधी विचारतात. मी फॉर्म भरणार आहे. तरीही पहिल्या संध्याकाळी आपण हेड वेटरला टेबलापाशी बोलावून पुन्हा सगळं सांगायचं, कारण कागदावरची गोष्ट टेबलापर्यंत पोचली की नाही याची खात्री आपणच करून घेतलेली बरी. पथ्य असलेल्यांना ते उद्याचा मेन्यू आज रात्रीच दाखवतात. आपण निवडायचं, आणि मुदपाकखान्यात तो पदार्थ मीठ किंवा सॉस बाजूला ठेवून वेगळा करतात. हे फार उपयोगी पडतं, कारण जहाजावरच्या सूप आणि सॉसमध्ये मीठ आधीच घातलेलं असतं, आयत्या वेळी ते काढता येत नाही. गोडातही बहुतेक ठिकाणी बिनसाखरेचा एखादा पदार्थ असतो. पण बाबा, बिनसाखरेच्या पदार्थातही पीठ आणि दूध बहुधा असतंच, तेव्हा तो बिनधास्त खाऊ नका.

इन्सुलिनबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. खोलीतला छोटा फ्रिज बहुतेक वेळा पेयं गार ठेवण्यापुरताच असतो, औषधासाठी लागतो तितका थंड होईलच असं नाही. औषधांसाठीचा फ्रिज आणि सुया टाकायचा डबा मागितल्यावर देतात. दोन्ही मी आधीच मागवते. दुसरी गोष्ट घड्याळाची. जहाजाचं घड्याळ वाटेत पुढे-मागे करतात आणि फोन मात्र किनाऱ्यावरची वेळ पकडतो. जेवण, इंजेक्शन, जहाजावर परतणं, सगळं जहाजाच्या वेळेनुसार. म्हणून बाबा, हातातलं घड्याळ आणा आणि रोज रात्री खोलीत येणाऱ्या दिनक्रमाच्या कागदाशी ताडून बघा.

दुपारी आणि सकाळी बुफे असतो, बहुधा वरच्या मजल्यावर. आईला भीती होती ती गर्दी इथली, आणि ती पहिल्या दुपारी सगळ्यात जास्त असते. तोवर खोल्या तयार नसतात, म्हणून चढलेला प्रत्येक माणूस थेट तिकडेच जातो. काही जहाजांवर त्या दिवशी मुख्य डायनिंग रूमही जेवणासाठी उघडी असते, फक्त फार जणांना ते ठाऊक नसतं. आपण चढल्याचढल्या विचारू. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधं आणि बाबांसाठी खायला थोडंसं काही हातातल्या पिशवीतच राहू द्या.

इतर दिवशीही नाश्ता डायनिंग रूममध्ये बसूनच करू. बुफेत गेलोच तर आईने टेबल धरायचं, ताट मी आणेन. मी जवळ नसले तर तिथल्या कुणालाही सांगितलं की ते ताट उचलून देतात. बाबा, बुफेत एकदा नुसतीच फेरी मारून काय काय आहे ते बघा आणि मग ताट घ्या. पहिल्या काउंटरवरच ताट भरलं की पुढचं आवडीचं दिसल्यावर ते वर चढतं आणि साखरही चढते.

बाबांनी स्वच्छतेबद्दल विचारलं होतं. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे. परदेशातून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या, १३ किंवा अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजांची ते तपासणी करतात. गुण १०० पैकी, आणि ८५ किंवा त्याहून कमी पडले तर जहाज नापास. गुण जाहीर होतात, कुणालाही बघता येतात. त्यांच्या नियमाप्रमाणे गरम पदार्थ ५७ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम आणि थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याहून थंड ठेवावे लागतात. पिण्याचं पाणी बंदरावर भरून घेतात किंवा समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून जहाजावरच तयार करतात, आणि त्यात क्लोरीन असतं. आपल्या हातात मात्र एक गोष्ट आहे. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरते ती बहुधा नोरोव्हायरसची, आणि दारात ठेवलेल्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही. साबण आणि पाण्याने २० सेकंद हात धुवायचे, प्रत्येक जेवणाआधी. नातवंडांवर लक्ष ठेवायचं काम आई, तुझं. तुझं ती ऐकतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. डायनिंग रूम, बुफे, साधं पाणी, चहा, साधी कॉफी, नाश्त्याचा रस, हे बहुतेक जहाजांवर तिकिटातच धरलेलं असतं. कोल्ड्रिंक्स, दारू, मशीनवरची खास कॉफी आणि स्पेशालिटी रेस्टॉरंट, म्हणजे जहाजावरची वेगळी खास हॉटेलं, यांचे पैसे वेगळे. खोलीत मागवलेल्या जेवणाचे कुठे पडतात, कुठे नाही. रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवलं की खात्यावर रक्कम चढते, म्हणून कुणी ट्रेमधून रंगीत पेय पुढे केलं तर घेण्याआधी विचारा. सेवेचे पैसे दर माणशी दर दिवसाला खात्यावर आपोआप लागतात, त्यामुळे बाबांना टेबलावर नोटा ठेवायची गरज नाही. स्पेशालिटी रेस्टॉरंट मी घेतलेलं नाही. आपण सगळे रोज एका टेबलाशी बसतोय, ते सोडून एक रात्र दुसरीकडे जावं इतकं काही तिथे नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवड्याच्या प्रवासात एखाद-दोन रात्री फॉर्मल नाइट असते. चांगले कपडे घातले की झालं, सूट शिवून घेऊ नका. त्या रात्री कंटाळा आलाच तर बुफे उघडा असतो.

बंदरावर उतरताना जहाजावरची फळं किंवा शिजवलेलं अन्न बरोबर नेऊ नका. बऱ्याच देशांत कीड-रोगाच्या भीतीने ते आणायला बंदी असते आणि दंडही होतो. बाबांसाठी कारखान्यातून सीलबंद आलेली बिस्किटांची पाकिटं घेऊया, आणि ती न फोडता ठेवायची. परत यायला उशीर झाला आणि आपली पाळी चुकली तर त्या रात्री बुफेत जेवू, घाईघाईने धावत यायचं नाही.

समुद्र खवळला तर आईला मळमळेल म्हणून ती उपाशी राहील, हे मी आत्तापासून ओळखून आहे. रिकाम्या पोटी त्रास वाढतो. हिरवी सफरचंदं, खारी बिस्किटं आणि आलं घातलेलं काहीतरी मागितलं की जहाजावर देतात. खालच्या मजल्यांवर, मध्याच्या बाजूला हेलकावे कमी लागतात, म्हणून टेबलही शक्य तर तिकडचं आणि दाराजवळचं मिळावं असं मी लिहिलंय.

शेवटच्या सकाळी नाश्ता लवकर असतो आणि खोलीही लवकर सोडावी लागते. बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा बाबांची औषधं त्यात जाणार नाहीत एवढं बघू.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. बाबांच्या डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद आणि औषधांची पूर्ण यादी, दोन्हीचे फोटो या रविवारपर्यंत पाठवा, म्हणजे सोमवारी फॉर्म जाईल. डॉक्टरांना संध्याकाळी सहाच्या जेवणाप्रमाणे इन्सुलिन कसं घ्यायचं आणि घड्याळ तासाभराने बदललं तर काय करायचं, हे विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. आणि आई, तुला काय चावत नाही, काय पचत नाही, ते तूही लिही. “मला काहीही चालेल” असं लिहून पाठवू नकोस.

तुमची लेक